यंत्राला काय कळते?

आधुनिक कारखान्यात किंवा नगरपालिकेच्या पंपघरात गेल्यास भिंतीलगत उभे केलेले एक लोखंडी कपाट आढळते. त्यात तारांच्या जुडग्यांमध्ये एक लहानशी पेटी बसविलेली असते आणि तिच्यावर हिरवे-तांबडे दिवे लुकलुकत असतात. बाटल्या भरणारे यंत्र केव्हा थांबावे, भट्टीचे दार केव्हा उघडावे, पंप केव्हा सुरू व्हावा, ह्याचा निर्णय ती पेटी क्षणोक्षणी घेत असते. इंग्रजीत तिला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर असे भारदस्त नाव आहे. कारखान्यातली माणसे नुसते ‘पीएलसी’ म्हणतात. आपण तिला नियंत्रक म्हणू.

मी अभियंता नव्हे. माझी वीस वर्षे सरकारी फायलींत गेली आहेत. परंतु पाणीपुरवठ्याच्या कामांशी नोकरीच्या निमित्ताने संबंध आला, आणि ह्या पेटीची ओळख करून घेताना असे ध्यानात आले की, तिच्यापुढचा प्रश्न आणि कचेरीत बसणाऱ्या माणसापुढचा प्रश्न एकच आहे. दोघांनाही वस्तुस्थिती स्वतः दिसत नाही. तिच्याविषयी आलेला संकेत तेवढा दिसतो. आजच्या भाषणात मी ह्या एकाच गोष्टीचा विचार करणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. नियंत्रक येण्यापूर्वी हे काम रिले करीत असत. रिले म्हणजे एक लहान विद्युतचुंबक. त्यातून वीज वाहिली की तो एक पट्टी ओढून घेतो आणि दुसरा मार्ग जोडतो किंवा तोडतो. असे शेकडो रिले तारांनी एकमेकांस जोडून यंत्रांचे व्यवहार बांधलेले असत. मोटारींच्या कारखान्यात नवा नमुना काढावयाचा म्हणजे हे सारे जाळे उसवून पुन्हा विणावे लागे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली ह्यावर उपाय मागितला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स ह्या छोट्या संस्थेतील डिक मॉर्ली ह्यांनी अशा नियंत्रकाची कल्पना कागदावर मांडली होती. त्यातून जे यंत्र निर्माण झाले ते संस्थेचे चौऱ्याऐंशीवे काम असल्यामुळे त्याचे नाव ‘०८४’ असे पडले, आणि ते विकण्यासाठी मॉडिकॉन नावाची कंपनी निघाली.

ह्या हकीकतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती त्या यंत्राची लिपी. रिलेंचे आराखडे काढण्याची एक रीत आधीपासून रूढ होती. वीजपुरवठ्याच्या दोन उभ्या रेघा, आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या; प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी आणि उजव्या टोकाला त्या अटी पुऱ्या झाल्यास घडावयाची क्रिया. दिसण्यात ती शिडीच. नव्या नियंत्रकाची आज्ञावली ह्याच शिडीच्या रूपात लिहिण्याची सोय केली गेली. रिलेंवर हयात घालविलेल्या वायरमनला गणकयंत्राची भाषा शिकण्याची सक्ती झाली नाही. त्याला येत होते तेच वाचावयाचे होते. पुढे १९९३ साली ह्या लेखनपद्धतींचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यातही शिडीला मानाचे स्थान मिळाले. यंत्राजवळ उभ्या असणाऱ्या माणसाला यंत्राचे मन वाचता आले पाहिजे, हे तत्त्व तेथे पाळले गेले.

आता ते मन कसे चालते ते पाहू. नियंत्रक एक फेरा अखंड घालीत असतो. प्रथम तो आपल्याकडे आलेल्या सर्व तारांवर संकेत आहे की नाही ते टिपून घेतो. मग त्या टिपणाच्या आधारे शिडीच्या पायऱ्या वरून खाली एकेक सोडवितो. शेवटी निघालेले निर्णय बाहेर पाठवितो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. हा एक फेरा बहुधा काही मिलिसेकंदांत पुरा होतो. पण ह्या वेगाने दिपून जाऊ नये. टाकी, पाणी, पंप ह्यांतले त्याला काहीच ठाऊक नसते. अमक्या तारेवर २४ व्होल्टचा दाब आहे किंवा नाही, एवढेच त्याला कळते. ‘टाकी भरली’ हा अर्थ माणसाने त्या दाबाला दिलेला असतो.

येथूनच खरी मेख सुरू होते. पंप थांबविण्याचे बटण घ्या. साध्या विचाराने असे वाटेल की, बटण दाबले म्हणजे संकेत जावा आणि पंप थांबावा. अनुभवी माणूस नेमके उलट करतो. बटण न दाबलेल्या अवस्थेत मार्ग जोडलेला ठेवतो, म्हणजे ‘चालू दे’ हा संकेत सतत येत राहतो. बटण दाबताच तो तुटतो आणि पंप थांबतो. असे का? उंदराने तार कुरतडली, टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला, तर पहिल्या जोडणीत संकट येईपर्यंत कोणालाच कळणार नाही. ऐन वेळी माणूस बटण दाबीत राहील आणि पंप चालतच राहील. दुसऱ्या जोडणीत मात्र तार तुटल्याच्या क्षणीच पंप थांबेल. येथे मौनाचा अर्थ ‘सर्व कुशल’ असा न घेता ‘धोका’ असा घेतला आहे. माणसाच्या जिवाशी निगडित असलेला तातडीचा थांबा तर केवळ आज्ञावलीच्या भरवशावर कधी सोडू नये. त्यासाठी स्वतंत्र, खात्रीची जोडणी असावी लागते.

नवशिका विद्यार्थी बहुधा येथेच अडखळतो. शिडीच्या पायरीवर दोन प्रकारच्या अटी मांडता येतात: ‘संकेत असेल तर पुढे जा’ आणि ‘संकेत नसेल तर पुढे जा’. बटण जोडलेल्या अवस्थेतले आहे म्हणून तो पायरीवरही तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खुणेची निवड करतो, आणि मग पंप काही केल्या सुरू होत नाही. कारण संकेत तर सतत येतच आहे! येथे पहिली खूण हवी. बटणाचा प्रकार ही एक गोष्ट आणि त्यातून आलेल्या संकेताची परीक्षा ही दुसरी, हा भेद ज्याला उमगला त्याने ह्या विद्येचा उंबरठा ओलांडला.

मात्र सावधपणाचीही किंमत मोजावी लागते. उंच टाकीतील फ्लोट स्विच अशाच रीतीने जोडला, तर तार तुटताच पंप थांबेल. टाकी वाहून जाणार नाही, पण वस्तीला पाणीही मिळणार नाही. म्हणून पंप थांबविण्याबरोबरच तो का थांबला हे सांगणारा दिवा किंवा भोंगा लावण्याची तजवीज त्याच आज्ञावलीत असावी लागते. कोणती चूक परवडेल आणि कोणती परवडणार नाही, ह्याचा विवेक माणसानेच आधी करावयाचा असतो.

आणखी एक गंमत. पंपाला चालविणारी आज्ञा शिडीवर दोन ठिकाणी लिहिली गेली, तर बहुधा शेवटच्या पायरीचा शब्द खरा ठरतो. वरच्या पायरीने ‘चालू’ म्हणावे, खालच्या पायरीने ‘बंद’ म्हणावे, आणि बाहेर केवळ ‘बंद’ पोचावे! एकाच विषयावर दोन आदेश काढले की काय होते, हे कचेरीतल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. म्हणून एका क्रियेचा निर्णय एकाच पायरीवर व्हावा, हा जाणत्यांचा दंडक आहे.

आता बिघाडाकडे वळू. समजा, पंप सुरू होत नाही. अननुभवी माणूस लगेच संगणक जोडून आज्ञावलीत फेरफार करू लागतो. जाणता माणूस आधी विचारतो: काल चालत होता काय? मग काल आणि आज ह्यांमध्ये काय बदलले? लिहिलेली आज्ञावली गंजत नाही, झिजत नाही. तिच्यात क्वचित प्रसंगी उघडी पडणारी चूक दडलेली असू शकते. पण वर्षानुवर्षे नीट चाललेले काम एका रात्रीत बंद पडले, तर दोष बहुधा तारेत, स्विचमध्ये, फ्यूजमध्ये किंवा ओलाव्यात असतो.

म्हणून तो नियंत्रकावरचे दिवे पाहतो. पंपाच्या आज्ञेचा दिवा लागलेला आहे आणि पंप मात्र स्तब्ध आहे? मग नियंत्रकाने आपले काम केले. शोध त्याच्या पुढे, रिले, फ्यूज, कॉन्टॅक्टर ह्यांच्याकडे घ्यावयाचा. दिवा लागलेला नाही? मग शिडी उघडून कोणती अट अडली आहे ते वाचावयाचे. ती अट ज्या तारेवर अवलंबून आहे, त्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरावयाचा. दाब आहे पण दिवा नाही, तर नियंत्रकाच्या त्या भागात दोष. दाबच नाही, तर तार किंवा स्विच. अशा रीतीने प्रत्येक प्रश्नाबरोबर संशयाचे क्षेत्र कमी होत जाते. अंदाजाने दहा भाग बदलण्यापेक्षा दोन प्रश्न नीट विचारणे स्वस्त पडते.

पण सर्व दिवे बरोबर दिसत असतानाही एक शक्यता उरते. फ्लोट अडकून बसला आहे, संकेत ‘टाकी भरली’ असे सांगतो आहे, आणि टाकी कोरडी आहे. येथे शिडी निर्दोष, तार निर्दोष. चुकला आहे तो संकेत. ह्याला उपाय एकच: कोणीतरी जिना चढून टाकीत डोकावून पाहिले पाहिजे.

असे न करता घाईचा मार्ग पुष्कळदा पत्करला जातो. खालच्या हौदात पाणी नसल्यास पंप थांबविणारा स्विच वारंवार आड येतो, म्हणून तेथे तारेचा एक तुकडा अडकवून त्याला गप्प केले जाते. किंवा संगणकावरून तो संकेत जबरीने ‘आहे’ असा धरला जातो. पंप सुरू होतो, तक्रार मिटते, आणि तो तुकडा तेथेच राहतो. मग एके दिवशी हौद खरोखर आटतो. पंप कोरडा फिरतो आणि जळतो. तपासणीसाठी असा बंदोबस्त कधी करावाच लागला, तर तो कोणी, केव्हा आणि का केला हे लिहून ठेवावे, आणि पाळी संपण्यापूर्वी तो काढावा.

संकेत हेतुपुरस्सर खोटे करता येतात, हे २०१० साली जगाला कळले. स्टक्सनेट नावाचा संगणकीय विषाणू त्या वर्षी उघडकीस आला. त्याचा रोख इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांवर होता. तेथील नियंत्रकांत शिरून तो यंत्रांच्या फिरण्याचा वेग बिघडवीत असे, आणि त्याच वेळी, सुरळीत कामाची आधी नोंदून ठेवलेली मापे देखरेखीच्या पडद्याकडे पाठवीत असे. पडद्यापुढे बसलेल्या माणसांना सर्व काही ठीक दिसत होते. संकेत आणि वस्तुस्थिती ह्यांच्यातील अंतराचा ह्याहून प्रखर दाखला मिळणे कठीण.

ह्या सर्वांतून सार्वजनिक कामे करणाऱ्यांनी घ्यावयाचा बोध अगदी व्यावहारिक आहे. पंपघर बांधून घेताना आपण पाइप मोजून घेतो, मोटारीची क्षमता तपासतो. पण नियंत्रकाची आज्ञावली ताब्यात घेण्याचे बहुधा विसरतो. ठेकेदार निघून जातो, परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. अनेक जुन्या नियंत्रकांत आज्ञावली एका लहानशा बॅटरीच्या आधारावर जिवंत असते. वीज नसताना ती बॅटरी संपली की ज्ञानही संपले. पुष्कळदा पायऱ्यांवरील टिपा नियंत्रकात नसून लिहिणाऱ्याच्या संगणकातच असतात. त्या न मिळाल्यास उरते ती केवळ आकड्यांची शिडी, वर चढता येते पण कोठे आलो हे कळत नाही. म्हणून काम स्वीकारताना आज्ञावलीची प्रत, तिच्यावरील टिपा, परवलीचा शब्द आणि तारांचा खराखुरा आराखडा मागून घ्यावा, आणि तो तेथील वायरमनला वाचता येतो की नाही हेही पाहावे. अंतिम देयक चुकते करण्यापूर्वीच हे व्हावे. नंतर विचारणारा कोणी नसतो.

श्रोतेहो, आम्हां कचेरीतल्या माणसांची स्थिती त्या पेटीहून फारशी निराळी नाही. आमच्याकडेही अहवालांच्या तारा येतात, त्यांवरून आम्ही पायऱ्या सोडवितो आणि हुकूम बाहेर पाठवितो. एखाद्या गावाकडून तक्रार आली नाही म्हणजे तेथे पाणी पोचते आहे असे मानण्याचा मोह आम्हांला होतो. चांगल्या नियंत्रकाची रचना करणारा माणूस असे मानीत नाही. तो मौनाला धोका समजतो, थांबतो, आणि कोणाला तरी पाहावयास पाठवितो. यंत्राला एवढे शिकविता आले आहे. जिना चढून टाकीत डोकावण्याचे काम मात्र अजून आपल्याचकडे आहे.