औषधांचा हजेरीपट



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, ते हजेरी घेताना कोणाचेही घरचे नाव उच्चारीत नसत. वाड्यावर ‘बाबू’ चार असले, तरी हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव वेगळे असे. औषधांचे मात्र नेमके उलट आहे. तेथे मुलगा एक आणि घरची नावे अनेक.

औषधातील द्रव्याला शास्त्राने दिलेले ते मूळ नाव. कंपनीने ठेवलेले ते व्यापारी नाव. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही व्यापारी नावे झाली. आतील ज्वरनाशक द्रव्य एकच, पॅरासिटामॉल. अमेरिकेत त्यालाच अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. तापाने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या उशाशी तीन पाकिटे होती. पेडण्याहून आणलेली ५०० मिलिग्रॅमची गोळी, मुंबईच्या मुलाने दिलेली ६५० ची आणि सर्दीची एक, जिच्यातही पॅरासिटामॉल ५०० च. तिन्ही गोळ्या दिवसातून तीनदा चालल्या होत्या. बेरीज ४,९५० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढाचीही दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे. तिच्यापलीकडे यकृताला इजा होण्याचे भय असते. दुसऱ्याच दिवशी हे ध्यानात आले म्हणून निभावले. आजी म्हणाल्या, “रंग वेगळे, म्हणजे औषधे वेगळी, असेच मी समजले.” त्यांचे काय चुकले?

हा प्रश्न जुनाच आहे. १९७५ साली हाथी समितीने व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस केली होती. २०१८ मध्ये मूळ नाव व्यापारी नावाहून मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम आला. परंतु तीन किंवा अधिक द्रव्यांच्या मिश्रणांना त्यातून सूट मिळाली, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्या नेमक्या अशाच असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांना मूळ नावानेच औषध लिहिण्याचे बंधन घातले गेले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही झाले. स्वस्त औषधांचा दर्जा राखला जाईल काय, ही डॉक्टरांची शंका अनाठायी नाही. तिचे उत्तर काटेकोर तपासणीत आहे; नाव झाकून ठेवण्यात नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर विद्यार्थ्यांनो, एक काम तुमच्याकडे. पाकिटावरील इंग्रजी अक्षरे घरात बहुधा तुम्हांलाच वाचता येतात. आजी-आजोबांच्या प्रत्येक गोळीचे मूळ नाव व मात्रा एका वहीत देवनागरीत उतरून काढा. एकच नाव दोनदा आले, तर स्वतः गोळी बंद करू नका वा बदलू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

गुरुजींनी आपल्याला अक्षर दिले. ते वडीलधाऱ्यांच्या उशाशी उपयोगी पडले, तर हे स्मरण सार्थ झाले असे मी मानीन.