जैसलमेरचा मुक्काम

निवृत्तीनंतर काय करणार, असं कुणी विचारलं की आमच्या यांचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘गाडी काढणार आणि निघणार!’ यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, माझी शाळेत. दोघांच्या सुट्ट्या कधी जुळल्या नाहीत. त्यामुळे मी निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आम्ही पुण्याहून खरंच निघालो. जायचं होतं चंदीगडला, लेकीकडे. सरळ रस्त्याने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण यांनी वाट मुद्दाम वाकडी केली. बडोदा, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर. जैसलमेरला फक्त एक रात्र राहायचं होतं. प्रत्यक्षात आम्ही तिथे चार रात्री काढल्या. त्या का, तेच आज सांगायचं आहे.

जोधपूर ते जैसलमेर हा रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी चाक पंक्चर झालं आणि निघायलाच दुपार झाली. पोखरण मागे पडलं तेव्हा अंधारून आलं होतं. दोन्हीकडे माळ, मध्येच खेजडीचं एखादं झाड आणि समोरून येणारे ट्रक. यांनी वेग कमी केला. मला वाटलं, दमले असतील. तेवढ्यात समोर उंटगाडी दिसली. तिला मागे दिवा नव्हता. मी ओरडले, ‘अहो, उंट!’ यांनी करकचून ब्रेक दाबला. आमची गाडी थांबली तेव्हा दोघांत हातभर अंतर होतं. गाडीवाल्याने मागे वळून पाहिलं आणि तो आपला शांतपणे पुढे गेला.

‘दिसली नाही का हो?’ मी विचारलं. ‘समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले,’ हे म्हणाले. मी गप्प बसले. उरलेला रस्ता आम्ही एका एसटीसारख्या बसच्या मागे मागे, तिचे लाल दिवे धरून काढला.

आमचं हॉटेल किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. मालक साठीचे, बोलघेवडे. जेवण गच्चीवर. बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. आपण पूजा करतो, ते तिच्या शेंगा वाळवून वर्षभर खातात. समोर पिवळ्या दिव्यांत किल्ला उजळला होता. हे बघत राहिले आणि म्हणाले, ‘किती छान दिसतंय गं, प्रत्येक दिव्याभोवती कसं कडं आहे!’

मी पुन्हा पाहिलं. दिवे होते. कडं एकाही दिव्याभोवती नव्हतं.

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी किल्ला बघायला गेलो. रावळ जैसल यांनी ११५६ साली वसवलेला हा किल्ला. ९९ बुरूज, सोनेरी वालुकाश्माचे. आपल्याकडचे बहुतेक गड आता ओस आहेत. हा मात्र नांदता आहे. आत घरं, जैन मंदिरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे, दारात बसलेल्या गायी. २०१३ मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर याचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं.

हॉटेलचे मालक हौसेने आमच्याबरोबर आले होते. त्यांचं वडिलोपार्जित घर किल्ल्यातच, पण आता बंद. एका भिंतीपाशी थांबून त्यांनी खालचा ओलसर डाग दाखवला. म्हणाले, ‘माजी, वाळूच्या वादळांनी या किल्ल्याचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते पाण्याने.’

मला नवल वाटलं. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम वीसेक सेंटिमीटर. तिथे पाण्याने कसं बिघडेल? मग यांनी समजावून सांगितलं. अशा वेळी यांच्यातला पाटबंधारेवाला जागा होतो. पूर्वी खालच्या गडीसर तलावावरून बायका डोक्यावर पाणी वाहून आणायच्या. वाहून आणलेलं पाणी कोण सांडणार? पुढे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पार पंजाबातून या जिल्ह्यात आलं, किल्ल्यात घरोघरी नळ आले, मग हॉटेलं आली, न्हाणीघरं आली. पाणी वाढलं, पण ते बाहेर काढणारी गटारं पुरी पडेनात. किल्ल्याखालच्या टेकडीत मऊ दगडाचे आणि चिकणमातीचे थर आहेत. झिरपलेलं पाणी त्यांत मुरलं, पाया मऊ झाला आणि काही ठिकाणी तट आणि बुरूज ढासळले. नंतर दुरुस्तीची कामं हाती घेतली गेली.

‘झिरपणं वाईट,’ हे सांगत होते. ‘बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या धरणांवर झिरपलेलं पाणी रोज मोजायचे आणि वहीत लिहायचे. लपवलं की संपलं.’

मी म्हटलं, ‘आणि तुमच्या डोळ्यांचं काय?’

हे एकदम गप्प झाले. मालकही समजूतदार, ते चहा सांगायला निघून गेले. तिथल्या एका ओट्यावर बसून यांनी मग सगळं सांगितलं. सहा महिन्यांपासून रात्री दिव्यांभोवती कडी दिसत होती. दिवसा फारसा त्रास नव्हता. ‘सांगितलं असतं तर तू प्रवास रद्द केला असतास. तुझ्या निवृत्तीची किती वर्षं वाट बघितली मी!’

राग आला होता, पण त्या वाक्यावर काय बोलणार? लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘गाडी तिथेच ठेवा, आगगाडीने या.’ पण मला गाडी येत होती. पंचावन्नाव्या वर्षी शिकले होते, फक्त मंडईच्या पुढे कधी नेली नव्हती. कारण शेजारी हे असले की स्टिअरिंग आपोआप यांच्याकडे जायचं, आणि मीही ते जाऊ द्यायची. माझ्याही बाजूने काहीतरी झिरपत होतंच की.

मग मुक्काम वाढवला. दोन दिवस सकाळी सकाळी मी समच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत गाडी नेली. साधारण चाळीस किलोमीटर, रस्ता बराचसा सरळ. पहिल्या दिवशी हे डावीकडे बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, ‘अगं, इतकी वर्षं मी रस्त्याकडेला काय असतं ते पाहिलंच नव्हतं.’ मग गडीसरच्या काठावर नुसते बसून राहिलो. कुठे पोचायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी पहाटे मी बिकानेरचा रस्ता धरला. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. उजेड असताना पोचलो.

चंदीगडला तपासलं तेव्हा मोतीबिंदूच निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की समोरचा प्रकाश फाकतो, म्हणून रात्री आधी त्रास होतो. दिवसा तक्त्यावरची अक्षरं नीट वाचता आली तरी गाफील राहू नये. पुण्याला परतल्यावर एकेक करून दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता यांना कडी दिसत नाहीत.

अजूनही आम्ही गाडी काढतो. नियम दोनच. चारनंतर पुढे जायचं नाही, आणि गाडी निम्मी निम्मी चालवायची. शिवाय रोज रात्री जेवताना एकमेकांना विचारायचं, ‘आज काही झिरपतंय का?’ कधी गुडघा असतो, कधी रक्तदाब, कधी नुसतीच चिडचिड. पण ते त्या दिवशीच्या वहीत लिहिलं जातं. आपल्या घरीही ही वही आज रात्री उघडून पाहावी, एवढंच सुचवते.