खाडा पडला तरी चालेल, तपासणी चुकायला नको



दसरा झाला, की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांत ट्रक-ट्रॅक्टर उभे राहतात. पीठ-मीठ, भांडीकुंडी बांधायची घाई सुरू होते. पुढचे पाच-सहा महिने ऊसतोडीचे. यातल्या कुणाला दिवस गेलेले असतात. तिच्यासाठी आम्ही बचत गटाच्या बाया आज चार गोष्टी सांगणार आहोत.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई थांबली तर उचल फिटत नाही, खाडा पडतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातही ती मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाते. आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिते. मग लघवीला जळजळ होते. हे दुखणं अंगावर काढलं, तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. म्हणजे बघा, तिची तब्येत एकट्या तिच्या हातात नसते. घर, काम आणि पैसा, तिन्हींचा भार तिच्यावर असतो.

आता रक्ताचं बघू. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं, की रक्त कमी आहे असं समजायचं. 7 च्या खाली गेलं तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, दवाखाना गाठा. अशा बाईच्या जिवावर बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी बेततं. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, किमान 180 दिवस घ्यायची. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. गोळी चहाबरोबर घेऊ नका. लिंबू-पाण्याबरोबर चांगली लागू पडते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

नोंदणी पहिल्या 12 आठवड्यांत करा आणि किमान चार तपासण्या करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड आधी पिशवीत टाका. परक्या जिल्ह्यातही सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. गाडीसाठी 102 किंवा 108 नंबर फिरवा.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंड-हात सुजणं, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. ‘मालकाला विचारू, सासूबाईंना विचारू’ यातच वेळ जातो. म्हणून कोणत्या दवाखान्यात जायचं, सोबत कोण येणार, हे टोळी निघायच्या आधीच घरात ठरवून ठेवा.

आम्ही आमच्या गटांत काय करतो? निघण्याआधीच्या बैठकीत दिवस गेलेल्या बाईचं नाव विचारतो. तिला घरी थांबायचं असेल, तर अंतर्गत कर्जात पहिला नंबर तिचा. जावंच लागलं, तर टोळीतल्या दोघी तिची जबाबदारी घेतात. मोळी तिच्या डोक्यावर द्यायची नाही, तपासणीचा दिवस चुकवायचा नाही. मुकादमाशी बोलायला चौघी मिळून जातो. एकटीचं ऐकत नाहीत, चौघींचं ऐकावं लागतं.

खाड्याचे पैसे पुढच्या हंगामात फिटतील. गेलेली बाई परत येत नाही. या आठवड्याच्या बैठकीत तुम्हीही हा विषय काढा बरं का!