सुरपूरची टेलर मंझिल



आपली घराणी बिदर-कलबुर्गी भागात कैक पिढ्यांची. घरात मराठी, बाजारात कन्नड, आजोबांच्या दप्तरात मोडी आणि उर्दू. म्हणून आज जवळच्याच एका घराविषयी बोलतो.

पूर्वी गुलबर्गा आणि आता यादगीर जिल्ह्यात असलेल्या सुरपूरला टेकडीवर ‘टेलर मंझिल’ आहे. निजामाच्या नोकरीतले कॅप्टन फिलिप मेडोज टेलर इथे राहत. राजा वेंकटप्पा नायक अज्ञान असताना, १८५३ पर्यंत संस्थानाचा कारभार त्यांच्याकडे होता. बंगला सरकारी विश्रामगृह म्हणून वापरात राहिला, म्हणून टिकला. रिकामं घर आधी पडतं, हे आपल्या वाड्यांवरून तुम्ही जाणताच.

साहेबाच्या बंगल्याशी आपलं काय नातं, असं कुणी विचारील. टेलर यांनी बोनाळचा तलाव वाढवला, जेवर्गीजवळची अश्मयुगोत्तर दगडी थडगी उकरून त्यांवर लिहिलं. सुरपूरहून ते नळदुर्गला गेले. १८६३ साली आलेल्या त्यांच्या ‘तारा’ कादंबरीची नायिका तुळजापूरची मुलगी आहे. आपली कुलस्वामिनी इंग्रजी वाचकांच्या घरात गेली ती अशी.

पण या घराला दुसरी बाजू आहे. बालराजा टेलर यांना ‘अप्पा’ म्हणे. १८५८ मध्ये तोच राजा इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. अप्पा त्याला तुरुंगात भेटले. फाशीची शिक्षा कमी होऊन चार वर्षांच्या कैदेवर आली. पण कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून तो गेला.

उद्या या मंझिलीचं संग्रहालय झालं आणि भिंतीवर फक्त साहेबाची तसबीर लागली, तर ते अर्धंच राहील. शेजारी राजा हवा, बोनाळचं पाणी हवं, आणि त्या काळच्या रयतेचे कागद हवेत. टेलर यांनी आपली बाजू आत्मचरित्रात लिहून ठेवली. रयतेची बाजू कुठे आहे? कदाचित तुमच्या माळ्यावरच्या पेटीत.

म्हणून एवढीच विनंती. दिवाळीच्या साफसफाईत मोडी कागद रद्दीत घालू नका. वाचता येत नसले तरी एकदा जाणकाराला दाखवा.