तिला एकटीला विचारा, त्यालाही विचारा

इथे अमेरिकेत बाळाला तपासायला नेलं की अनेक ठिकाणी आईच्या हातात दहा प्रश्नांचा एक कागद देतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणारी, १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही एडिनबरा प्रश्नावली. गेल्या सात दिवसांत मनापासून हसू आलं का? उगाच धास्ती वाटली का? शेवटचा प्रश्न असतो, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का?

आता आपल्या घरातली बाळंतीण डोळ्यांपुढे आणा. भारतातून मुद्दाम आलेल्या सासूबाई शेजारीच बसल्यात. पहाटे उठून डिंकाचे लाडू वळणाऱ्या त्या माउलीसमोर 'मला सारखं रडू येतं' यावर खूण कशी करायची? मग पोरगी भराभरा सगळं 'नाही, नाही' करून कागद परत देते. इंग्रजी येत नसेल तर नवराच दुभाषी होतो. गोव्यातल्या बाळंतिणींवरचा मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली आला. त्यात सुमारे २३ टक्के जणींना नैराश्य होतं. नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, या दोन्हींनी धोका वाढलेला दिसला. अशा बाईचं दुखणं नवऱ्याच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत कसं पोचणार?

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. तपासणीच्या वेळी घरच्यांनी दहा मिनिटं बाहेर बसावं. मराठी दुभाषी मागा, रुग्णालयं तो फुकट देतात, बहुतेकदा फोनवर. १-८३३-८५२-६२६२ ही मातांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन गरोदरपणातही चालते, रात्रंदिवस, आणि तिथेही दुभाषी मिळतो.

बाबालाही विचारा. दहातल्या साधारण एका नव्या बापाला नैराश्य गाठतं. तो रडत नाही, चिडतो, उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर बसून राहतो, आणि आपण त्याला कामसू म्हणतो. मूल दत्तक घेतलेल्या आईबाबांना आणि गर्भ गमावलेल्या जोडप्यालाही हेच दुखणं होऊ शकतं. गर्भ गमावलेल्यांकडे बारसं नसतं, त्यामुळे कुणी फिरकतही नाही.

गोव्यात 'संगथ' संस्थेने वस्तीतल्याच आयांना शिकवून नैराश्य असलेल्या मातांच्या घरी पाठवलं. आपल्या इथल्या मराठी मंडळातही डबे पोचवणाऱ्या मैत्रिणी आहेतच. डबा देताना तासभर बाळ घ्या, तिला झोपू द्या, मग बोलतं करा.

पण बाळंतीण रात्र रात्र झोपत नसेल, भलतंसलतं बोलत असेल, तिला आवाज ऐकू येत असतील, तर देवाधर्मात वेळ घालवू नका. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. त्याच रात्री ९११ लावा.