ओळ ओलांडणारा अर्थ



कवितेतील ओळ कोठे संपते हे वाचकाला डोळ्यांनी कळते; श्रोत्याला मात्र ते वाचणाऱ्याच्या आवाजावरूनच ओळखावे लागते. म्हणून ओळ संपते पण वाक्य संपत नाही अशा जागेविषयी बोलावयाचे, तर नभोवाणीइतके योग्य स्थळ दुसरे नाही. या जागेला फ्रेंच भाषेत एक नाव आहे, 'आंजांबमां'. इंग्रजीनेही ते जवळजवळ तसेच उचलले. त्या नावाचा अर्थ आणि त्यामागचा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

फ्रेंचमध्ये 'जांब' म्हणजे पाय. त्यावरून जे क्रियापद झाले त्याचा अर्थ ढांग टाकून ओलांडणे. वाटेत ओहोळ आला की आपण एक पाय अलीकडे ठेवून दुसरा पलीकडे टाकतो. त्या क्षणी आपण ना या काठाला असतो ना त्या काठाला. वाक्याचा एक पाय या ओळीत आणि दुसरा पुढच्या ओळीत, अशी स्थिती झाली म्हणजे ती ही ढांग. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये, कारण पद्याच्या ओळीला आपण 'चरण' म्हणतो, 'पाद' म्हणतो. लॅटिनमध्ये पद्यपंक्तीला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ वळण, नांगराचे तास. शेताच्या बांधाशी आले की बैल वळतात आणि नवे तास सुरू होते. ओळ म्हणजे असे वळण; आणि ढांग म्हणजे वळणावर न थांबता पुढे जाणारे वाक्य.

उदाहरणासाठी चौदा अक्षरांच्या दोन ओळी मीच जुळवल्या आहेत. त्यांना कविता म्हणू नका; फळ्यावरची आकृती समजा.

दार उघडले तेव्हा सांज उभी होती;
तिच्या रिकाम्या हातांत दिवाही नव्हता.

येथे प्रत्येक ओळ आपापल्या पायांवर उभी आहे. आता तेच वेगळ्या रीतीने ऐका:

दार उघडले, पाहिले, अंगणी उभी
सांज होती, तिच्या हातांत दिवा नव्हता.

'अंगणी उभी' येथे ओळ संपली. कोण उभी? आई? शेजारीण? क्षणभर मनाने कोणी तरी माणूस उभे केले, आणि पुढच्या ओळीने सांगितले की उभी होती ती सांज. त्या निमिषभराच्या अपेक्षेत जे घडले, ते पहिल्या जोडीत घडले नव्हते. अक्षरे तेवढीच, आशय जवळजवळ तोच. फरक केला तो वळणाच्या जागेने.

फ्रान्समध्ये या ढांगेवरून मोठे वाद झाले. सतराव्या शतकातील ब्वालो या समीक्षक-कवीने १६७४ साली काव्यकलेवर पद्यग्रंथ लिहिला. मालेर्ब या पूर्वसूरीने पद्याला शिस्त लावली आणि तेव्हापासून एक ओळ दुसरीवर पाय टाकण्याचे धाडस करीनाशी झाली, असे त्याने कौतुकाने नोंदविले. बारा अक्षरांची ओळ, मध्ये सहावर विराम, आणि शेवटी अर्थाचीही समाप्ती, हा तेथला दंडक ठरला. तो मोडला व्हिक्टर ह्यूगोने. २५ फेब्रुवारी १८३० रोजी पॅरिसमध्ये त्याच्या 'एर्नानी' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. आरंभीच जिन्याचा उल्लेख येतो. 'जिना' हे नाम एका ओळीच्या शेवटी आणि 'चोरटा' या अर्थाचे त्याचे विशेषण पुढच्या ओळीच्या आरंभी! एवढ्यावरून प्रेक्षागृहात जुन्या आणि नव्या पक्षांची कशी जुंपली, हे त्या रात्री हजर असलेल्या गोतिए या कवीने पुढे रंगवून सांगितले आहे. एका विशेषणाच्या जागेवरून माणसे भांडली याचे आज हसू येईल. पण भांडण विशेषणाचे नव्हते, नियम कोणी ठरवावयाचे याचे होते.

इंग्रजीत मिल्टनने १६६७ च्या 'पॅरडाइझ लॉस्ट'मध्ये यमक टाकून दिले आणि अर्थ एका ओळीतून दुसरीत नाना प्रकारे वाहू देणे हाच पद्याचा खरा आनंद मानला. ते वारे आपल्या देशात बंगालमध्ये प्रथम पोचले. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ च्या 'मेघनादवध' काव्यात पयार छंदाची चौदा अक्षरे कायम ठेवली; परंतु यमक काढले, आणि आठव्या अक्षरावरचा ठरीव विराम सोडून अर्थ थांबेल तेथे विराम ठेवला. घर तेच राहिले, भिंती मात्र हलल्या.

आपल्या परंपरेत काय होते? संस्कृतात चरण ओलांडण्याला मज्जाव नव्हता. विशेषण पहिल्या चरणात आणि विशेष्य दुसऱ्यात हे नित्याचेच. पण श्लोकाच्या अर्ध्यावरचा विराम मोठा मानलेला. पूर्वार्धाला हवा असलेला एखादाच शब्द उत्तरार्धात जाऊन पडला, तर मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याला 'अर्धान्तरैकवाचक' दोष म्हटले आहे. म्हणजे ह्यूगोने गुण म्हणून जे केले, त्याच्या अगदी जवळची गोष्ट आपल्या शास्त्रकारांनी शतके आधी नेमकी हेरून तिला नाव दिले होते. फक्त ती त्यांनी दोषांच्या यादीत घातली.

मराठीत ओवीचे तीन यमकबद्ध चरण आणि चौथा आखूड, यमकावाचून मोकळा चरण, यांतून अर्थ सहज उतरत जातो. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत ते पदोपदी दिसते. केशवसुतांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चौदा ओळींचा जो रचनाप्रकार आणला, पुढे ज्याला सुनीत हे नाव रूढ झाले, त्यात विचार ओळीहून लांब असू शकतो हे आधुनिक मराठी कवीला उमगले. आणि अनिलांच्या मुक्तछंदानंतर तर ओळ कोठे तोडावी हा प्रश्न प्रत्येक कवीने स्वतःच सोडवावयाचा झाला.

हे सारे पंडितांपुरते आहे, असे मात्र नाही. माझ्या शाळेत एक गुरुजी प्रत्येक ओळीच्या शेवटी छडीचा ठोका देत आणि आम्ही तेथे थांबत असू. शेकडो ओळी पाठ झाल्या. पुढे मोठेपणी त्यांतील एक कविता सहज आठवली आणि ध्यानात आले की तिच्यातले एक मुख्य वाक्य मी आयुष्यभर मधोमध तोडून म्हणत आलो होतो. कविता ओठांवर होती. अर्थ ठोक्याखाली गेला होता. याच्या उलट वाचणारेही असतात. ते ओळ पार विसरून कविता वर्तमानपत्रासारखी वाचून टाकतात. त्यांना वाक्य कळते, पण अंगणी कोण उभी आहे ही चाहूल त्यांच्या वाट्याला येत नाही.

मग करावे काय? ओळीच्या टोकाला श्वास घेऊ नये, पण आवाज किंचित तोलून धरावा. सूर खाली पडू देऊ नये. एक पाय उचललेला आहे आणि दुसरा अजून टेकलेला नाही, एवढे ऐकणाऱ्याला जाणवले की पुरे.

आज घरी एखादी आवडती कविता मोठ्याने म्हणून पाहा. घरातले कोणी ऐकत असेल तर फारच उत्तम. ज्या ओळीपाशी आजवर सवयीने थांबत आलात, तेथे न थांबता पुढची ओळ ओलांडून पाहा. कदाचित पाठ असलेली ती कविता आपण पहिल्यानेच ऐकत आहोत, असे वाटेल.