उथळ पाण्याचा खळखळाट ऐका

हेडफोन लावून ऐकत असाल तर छानच. पण आजचा भाग संपला की तोच हेडफोन काढायला सांगणार आहे, आधीच कल्पना देते.

आजचा विषय आहे वाहत्या पाण्याचा आवाज. मी बोलतेय माणमधून. मुळशी तालुक्यातलं माण. हिंजवडी फेज तीन म्हटलं की लगेच लक्षात येतं. इथे आवाजाला तोटा नाही. डंपर, हॉर्न, बांधकामं, कंपनीच्या बसेस. आणि याच भागात कितीतरी जण रात्री झोपताना मोबाईलवर पावसाचा नाहीतर झऱ्याचा आवाज लावतात. मीही लावते. तर या आवाजात असं आहे तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे आपले कान झोपेतही चालू असतात. अचानक हॉर्न वाजला की मेंदू दचकतो, काय झालं ते बघायला लागतो. ओढ्याचा आवाज मात्र एकसारखा चालू असतो. त्यात बारीक बदल होत राहतात, पण दचकवणारं काही नसतं. शिवाय त्यात खालचे-वरचे सगळे सूर मिसळलेले असतात, त्यामुळे लांबची गाडी, कुणाचं बोलणं त्याखाली झाकलं जातं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. पाणी नुसतं वाहिलं तर फारसा आवाज होतच नाही. खोल, संथ नदी जवळजवळ गप्प असते. पाणी दगडावर आपटतं, त्यात हवा अडकते, बुडबुडे होतात आणि ते बुडबुडे थरथरतात. आपण ऐकतो ती ही थरथर. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं. बुडबुडा जितका लहान, तितका सूर वरचा. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण ३,३०० वेळा थरथरतो, एक सेंटिमीटरचा साधारण ३३० वेळा. ओढ्यात असे लहान-मोठे असंख्य बुडबुडे एकाच वेळी बोलत असतात.

आपल्याकडे म्हण आहे ना, उथळ पाण्याला खळखळाट फार! बडबड्या माणसाला टोमणा म्हणून ठीक आहे. पण मन शांत करण्याच्या बाबतीत हे उथळ पाणीच कामाचं.

आणि हे फक्त माझं मत नाही बरं का. २०२१ मध्ये रेचेल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गातल्या आवाजांवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. ताण आणि चिडचिड कमी करण्यात पक्ष्यांचे आवाज पुढे होते. मन प्रसन्न होण्यात आणि तब्येतीवरच्या चांगल्या परिणामात पाण्याचे. त्यातले बरेच प्रयोग रेकॉर्डिंग ऐकवून केलेले होते. म्हणजे तुमचं ॲप काही खोटं नाही. पण ओढ्याकाठी मान थोडी वळवली की आवाज बदलतो. डावीकडे धार, उजवीकडे डबकं, मागे बेडूक. फोनमध्ये ते कुठून येणार?

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडचे ओढे पावसाळी. जूनमध्ये बोलू लागतात, दिवाळीनंतर हळूहळू गप्प होतात. घोटावडे, पौड करत ताम्हिणीकडे गेलं की पावसाळ्यात वळणावळणावर पाणी ऐकू येतं. पण त्यासाठी दर वेळी घाटातच जायला हवं का? माण-हिंजवडीच्या शिवारातही ओढे आहेत. मात्र ओढा पाइपात घातला, त्याचे दगड काढून गुळगुळीत काँक्रीटचा नाला केला, की पाणी मुकं होतं. आणि त्याची वाट बुजवली तर ते रस्त्यावर येतं. जून २०२५ मध्ये एका जोराच्या पावसात आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा बुजवलेल्या-वळवलेल्या ओढ्यांचा विषय सगळीकडे चर्चेत आला होता. वाट मोकळी असली की जे पाणी आपल्याला शांत करतं, तेच अडवलं की आपल्याला तासन् तास ट्रॅफिकमध्ये बसवतं. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजारच्या नाल्याचा विषय निघाला, तर 'आपल्याला काय त्याचं' म्हणू नका.

जाता जाता एक छोटा प्रयोग. या रविवारी जवळचा एखादा ओढा शोधा. काठावरच बसा, पाण्यात उतरायचं नाही. पावसाळ्यात पाणी कधी वाढेल सांगता येत नाही, आणि धरणातून पाणी सोडलं असेल तर नदीपात्रापासून लांबच राहा. फोन सायलेंटवर टाकून खिशात ठेवा. रील नको, फोटो नको. फक्त दहा मिनिटं. आधी सगळ्यात जवळचा आवाज ऐका, मग सगळ्यात लांबचा. मग जाड सूर आणि बारीक सूर वेगळे करून बघा. मन भरकटलं तर भरकटू दे. पाणी काही थांबत नाही, परत आलात की ऐकू येईलच.

किती आवाज वेगळे ऐकू आले, ते मला नक्की कळवा. आणि ओढा शोधूनही सापडला नाही, तर तेही कळवा. ती बातमी जास्त महत्त्वाची आहे.

चला, आता काढा तो हेडफोन. भेटू पुढच्या भागात!